ठिगळ लावण्याचे नियम

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या प्रोग्रॅमविषयी लेख लिहावा, हे पाहून विज्ञान शाखेतील मित्रांच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. पण गेल्या वर्षी एका लहानशा प्रसंगाने मला या विषयाच्या उंबरठ्यावर नेऊन उभे केले. आणि आत डोकावून पाहिले तेव्हा तेथे गणितापेक्षा भाषेच्या, निबंधलेखनाच्या आणि सचोटीच्याच गोष्टी अधिक चाललेल्या दिसल्या. म्हणून हा लेखनप्रपंच.

‘कमवा व शिका’ योजनेत मी रोज दोन तास ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीवर बसतो. तेथील संगणकावर पुस्तकांची नोंद ठेवणारे एक सॉफ्टवेअर आहे. ते कोणा कंपनीकडून विकत घेतलेले नाही. ‘ओपन सोर्स’ म्हणजे मुक्तस्रोत प्रकारातले आहे. त्याचा पडदा मराठीत लावला की ‘इश्यू’च्या बटणावर ‘मुद्दा’ आणि ‘रिटर्न’च्या बटणावर ‘परतावा’ असे उमटत असे. कोणी कादंबरी मागितली की मी त्याच्या नावावर एक ‘मुद्दा’ नोंदवायचा, आणि आठवड्याने ती परत आली की ‘परतावा’! एके दिवशी ग्रंथपाल सर हसत म्हणाले, “हे सॉफ्टवेअर सगळ्यांचं आहे म्हणतात ना? मग कर की तूच दुरुस्त.”

मी मोठ्या उत्साहाने चाळीस शब्द दुरुस्त करून पाठवले. ते परत आले. पुन्हा पाठवले, पुन्हा परत आले. तिसऱ्यांदाही तेच झाले तेव्हा मात्र मला राग आला. फुकट काम करून द्यायचे आणि वर यांचे नखरे सोसायचे! ‘योगदानाचे नियम कृपया वाचावेत’ असे प्रत्येक उत्तराच्या शेवटी लिहिलेले असे. ते मी अखेर वाचले. आमच्या त्या प्रकल्पाने आपले बरेचसे नियम लिनक्सच्या नियमांवरून घेतले होते, म्हणून मग मूळ नियमही वाचून काढले. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो. माझ्या तीन नापास ठिगळांची हकीकत शेवटी सांगेन.

‘मुक्त’ या शब्दाचा घोटाळा

ओपन सोर्स म्हणजे ज्याला वाटेल त्याने यावे आणि हवे ते बदलावे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो निम्माच खरा आहे. अशा सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे त्याचा कोड, कोणालाही वाचता येतो. परवान्याच्या अटी पाळून तो बदलता येतो आणि दुसऱ्याला देताही येतो. पण हा बदल आपल्या स्वतःच्या प्रतीत. तोच बदल सर्वांच्या सामाईक प्रतीत जावा असे वाटत असेल, तर तो कोणीतरी वाचून, पारखून, पसंत करावा लागतो. आपल्या वहीत आपण कितीही कविता लिहाव्यात. वार्षिकांकात यायच्या तर त्या संपादक मंडळाच्या हाताखालून जातात, त्यातलाच हा प्रकार. योगदानाचे सारे नियम या दोन प्रतींमधल्या अंतरातून निर्माण झाले आहेत.

लिनक्सचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक संगणकप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले आणि इतरांच्या सूचना मागवल्या. १९९२ मध्ये त्याने ती जीपीएल या परवान्याखाली आणली. आज तिच्या गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात त्यात, तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्रही. हजारो माणसांनी, बहुधा एकमेकांचे तोंडही न पाहता, लिहिलेला हा ग्रंथ आहे. तो विस्कटत कसा नाही, हाच खरा प्रश्न.

बदल पाठवण्याच्या एककाला येथे ‘पॅच’ म्हणतात. शब्दशः ठिगळ. पूर्वी प्रोग्रॅम कागदी पट्टीवर वा कार्डांवर भोके पाडून लिहीत, आणि चूक दुरुस्त करायची तर त्यावर खरोखरीच कागदाचा तुकडा चिकटवीत. त्यावरून हा शब्द रूढ झाला. आजच्या पॅचमध्ये जुन्या ओळींपुढे वजाचे आणि नव्या ओळींपुढे अधिकचे चिन्ह असते. मुद्रिते तपासणाऱ्याला ही खूण नवखी वाटणार नाही.

एका ठिगळात एकच दुरुस्ती

पहिला मोठा नियम असा, की एका पॅचमध्ये तर्कदृष्ट्या एकच बदल असावा. दोष काढणे आणि वेग वाढवणे ही दोन कामे असतील तर पॅच दोन. उलट एकच बदल दहा ठिकाणी करावा लागत असेल, तर तो मात्र एकाच पॅचमध्ये. शिवाय अशा पॅचची माळ असेल, तर त्यातील प्रत्येक मणी बसवल्यानंतर प्रणाली धडपणे चालली पाहिजे. पुढच्या दुरुस्तीच्या भरवशावर तिला मध्येच मोडकी सोडायची नाही. एका वेळी सुमारे पंधरापेक्षा अधिक पॅच पाठवू नयेत असेही सुचवले आहे.

मला हा नियम प्रथम निव्वळ शिस्तीचा सोस वाटला. त्यामागचे कारण नंतर कळले. समजा, एखाद्या जुन्या आवृत्तीत सर्व ठीक होते आणि हजार बदलांनंतरच्या आवृत्तीत काहीतरी बिघडले. चूक कोणत्या बदलात आहे? मधला, पाचशेवा बदल घ्यायचा व तेथवरची प्रणाली चालवून पाहायची. ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्या भागात, नसेल तर मागच्या. मग त्याचा मध्य घ्यायचा. अशा रीतीने सुमारे दहा चाचण्यांत हजारांतून नेमका एक अपराधी सापडतो. टॉरवाल्ड्‌सने २००५ मध्ये लिहिलेल्या ‘गिट’ या साधनात ही सोयच आहे. पण त्या सापडलेल्या पॅचमध्ये पाच भानगडी एकत्र बांधलेल्या असतील, तर सापडूनही काय उपयोग? आणि मधलीच एखादी पायरी मोडकी असेल, तर शोधच खुंटतो.

का, ते आधी सांगा

दुसरा नियम आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचा. प्रत्येक पॅचसोबत गद्यात एक टिपण द्यावे लागते. त्यात प्रथम अडचण काय आहे ते सांगायचे; ती वापरणाऱ्याला कशी जाणवते ते सांगायचे; आणि मग आपण काय केले ते. वेग वाढला, जागा वाचली असा दावा असेल तर आकडे द्यायचे. आणि त्यापायी कोठे काही तोटा होत असेल तर तोही लपवायचा नाही. टिपणाचा मथळा सत्तर ते पंचाहत्तर अक्षरांत बसवायचा. पूर्वीच्या एखाद्या बदलामुळे दोष शिरला असेल, तर त्या बदलाच्या ओळखक्रमांकाची निदान पहिली बारा अक्षरे द्यायची, म्हणजे वाचणाऱ्याला मूळ शोधता येते.

गंमत म्हणजे या नियमांत व्याकरणसुद्धा आहे! टिपण आज्ञार्थात लिहावे असे सांगितले आहे. ‘मी अमुक बदलले’ किंवा ‘हा पॅच अमुक बदलतो’ असे नव्हे, तर ‘अमुक बदल’ असे. जणू आपण प्रत्यक्ष कोडलाच हुकूम देत आहोत.

बदल काय केला हे अधिक-वजाच्या चिन्हांवरून कोणालाही दिसते. तो का केला हे मात्र लिहिणाऱ्याच्या मनात असते, आणि तो माणूस उद्या येथे असेलच असे नाही. त्याची नोकरी बदलेल, आवड बदलेल, तो या जगातूनही जाईल. दहा वर्षांनी त्याच ओळीपाशी अडलेल्या अनोळखी वाचकाच्या हाती एवढे टिपणच उरते.

वाचणाऱ्याचा वेळ

कर्नेलच्या प्रत्येक भागाला एक किंवा अधिक सांभाळणारे असतात. त्यांना मेंटेनर म्हणतात. पॅच त्यांच्याकडे साध्या मजकुराच्या ई-मेलने पाठवायचा. नटवे टंक नकोत, सोबत जोडलेली फाइलही नको. हा नियम जुनाट वाटतो, पण साध्या मजकुरातील प्रत्येक ओळ उद्धृत करून तिच्या खाली आक्षेप लिहिता येतो, आणि पॅच पाठवणाऱ्याला त्या त्या आक्षेपाखाली उत्तर देता येते. एखाद्या चांगल्या शिक्षकाने समासात खुणा कराव्यात तशी ही पद्धत. आक्षेप आला तर तो गिळून गप्प बसायचे नाही आणि दुर्लक्षही करायचे नाही. मान्य तर बदल, अमान्य तर कारण.

उत्तराची घाई करायची नाही. निदान आठवडाभर तरी थांबावे, असे नियम सांगतो. कर्नेलचे वेळापत्रकही ठरलेले आहे. नवी आवृत्ती निघाली की दोन आठवडे नवे बदल आत घेतात; मग दार बंद होते आणि पुढे दर आठवड्याला एक चाचणी-आवृत्ती काढून फक्त दोष निस्तरतात. अशा रीतीने साधारणतः दोन-अडीच महिन्यांत एक आवृत्ती सिद्ध होते.

लेखनशैलीचेही नियम आहेत. ओळीचे आतले सरकणे आठ अक्षरांचे असावे; आणि तीनपेक्षा अधिक पायऱ्या आत जावे लागत असेल, तर आपली मांडणीच चुकली असे समजून ती नव्याने करावी. हे तपासायला एक प्रोग्रॅमही दिला आहे. पण त्याच जोडीला असेही बजावले आहे, की तपासणीचा प्रोग्रॅम हा वाटाड्या आहे, माणसाच्या विवेकाला पर्याय नव्हे. नियम मोडल्याने मजकूर अधिक वाचनीय होत असेल तर तो तसाच राहू द्यावा. नियम करणाऱ्यांनीच हे लिहून ठेवावे, याचे मला कौतुक वाटले.

वाचणाऱ्याने कसे वागावे, हा प्रश्नही उरतोच. स्वतः टॉरवाल्ड्‌स यांची उत्तरे पुष्कळदा जिव्हारी लागणारी असत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली, काही काळ कामातून रजा घेतली, आणि त्याच सुमारास प्रकल्पाने वर्तनाचे नियम स्वीकारले. परीक्षकालाही परीक्षा असते, ती अशी.

सही

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. प्रत्येक टिपणाच्या शेवटी पाठवणाऱ्याने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ असे लिहून पुढे आपले नाव आणि पत्ता घालायचा असतो. दिसायला ही एकच ओळ. पण तिचा जन्म कोर्टकचेरीतून झाला आहे. मार्च २००३ मध्ये एस.सी.ओ. या अमेरिकी कंपनीने आय.बी.एम.वर दावा लावला. युनिक्स या जुन्या प्रणालीतील आपल्या मालकीचा मजकूर लिनक्समध्ये घातला गेला, असा तिचा आरोप होता. पुढे २०१० मध्ये ज्यूरीने युनिक्सचे कॉपीराइट नॉव्हेल कंपनीकडेच असल्याचा निर्णय दिला आणि आय.बी.एम.बरोबरचा उरलासुरला वाद २०२१ मध्ये तडजोडीने मिटला. पण दाव्याच्या त्या धामधुमीत एक गोष्ट सर्वांना कळून चुकली: कोणती ओळ कोणाकडून आली हे सांगता आले पाहिजे. म्हणून २००४ मध्ये सहीची ही पद्धत सुरू झाली.

सही करणारा थोडक्यात असे म्हणतो: हा मजकूर मी स्वतः लिहिला आहे व तो देण्याचा मला हक्क आहे, किंवा तो योग्य परवान्याखालील दुसऱ्या मजकुरावर आधारलेला आहे, किंवा अशीच ग्वाही देणाऱ्या दुसऱ्याने तो मला दिला व मी तो जसाच्या तसा पुढे देत आहे, आणि ही नोंद सार्वजनिक असून कायम राहील हे मला ठाऊक आहे. पॅच ज्या ज्या मेंटेनरच्या हातून वर जातो, तो तो खाली आपली सही जोडतो. कोणी तपासले, कोणी चालवून पाहिले, दोष प्रथम कोणी दाखवला, यांचीही नावे येतात. केवळ चूक दाखवणाऱ्याचे ऋणही कायमचे नोंदले जाते.

पूर्वी येथे खरे नावच लागे. टोपणनाव चालत नसे. २०२३ मध्ये ही अट बदलून ‘परिचित ओळख’ पुरेशी मानली गेली; निनावी मजकूर मात्र अजूनही चालत नाही. केशवसुत, बालकवी आणि कुसुमाग्रज यांना टोपणनावांनीच ओळखणाऱ्या आपल्यासारख्यांना हा भेद सहज पटावा. नाव कोणते यापेक्षा त्या नावामागे जबाबदारी घेणारे कोणी आहे की नाही, हे महत्त्वाचे.

माणसाऐवजी यंत्राने कोड लिहिला तर काय, हा आजचा नवा पेच. क्यूईएमयू या प्रकल्पाने २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले योगदान न घेण्याचे ठरवले. कारण तेच, सहीचे. यंत्राने तो मजकूर कोठून उचलला हे ज्याला माहीत नाही, त्याने ‘हे देण्याचा मला हक्क आहे’ अशी ग्वाही कशी द्यावी?

नियम पाळूनही

एवढे सारे करून धोका टळतो का? नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या काही संशोधकांनी सदोष पॅच आत शिरतात का, हे पाहण्यासाठी २०२० मध्ये कर्नेलकडे मुद्दाम तसे पॅच पाठवले. एप्रिल २०२१ मध्ये या प्रकारावरून वाद उफाळला, तेव्हा त्या विद्यापीठाकडून येणारे योगदानच थांबवण्यात आले आणि जुने पॅच पुन्हा तपासावे लागले. संशोधकांनी क्षमा मागून आपला निबंध मागे घेतला. मेंटेनरांचा मुख्य आक्षेप हा होता, की वाचणाऱ्याच्या विश्वासावर त्याच्या नकळत प्रयोग केला गेला.

याहून भयंकर प्रकार २०२४ चा. एक्सझेड हे फाइली आकसून ठेवण्याचे साधन. ते एकच माणूस विनावेतन सांभाळत होता आणि थकला होता. एका अनोळखी नावाने दोनेक वर्षे नेमाने, नम्रपणे पॅच पाठवले. इतर काही नावांनी ‘कामे रेंगाळतात, मदतनीस घ्या’ असा तगादा लावला. आणि हळूहळू त्या अनोळखी नावाच्या हाती किल्ल्या आल्या. मग चाचणीच्या फाइलींत दडवून एक चोरदार बसवले गेले. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले; त्याने ते सोडून न देता मूळ शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले.

म्हणजे नियम काम तपासतात. मन तपासू शकत नाहीत. परंतु यावरून नियम व्यर्थ ठरतात असे मला वाटत नाही. चोर सापडला तो कोड उघडा होता म्हणून आणि कोणीतरी तो मन लावून वाचला म्हणून. आणि तो आत शिरला तो वाचणारा एकटा पडला होता म्हणून. वाचणाऱ्याचा वेळ वाचवणारे हे नियम त्याचे एकटेपण थोडे तरी हलके करतात.

माझी तीन ठिगळे

आता माझी हकीकत. पहिल्या पॅचमध्ये मी चाळीस शब्दांबरोबर मदतीच्या पानावरील मजकूरही फिरवला होता. उत्तर आले, ‘दोन कामे वेगळी करा.’ दुसऱ्या खेपेला टिपणात मी फक्त ‘मराठी सुधारली’ एवढेच लिहिले. उत्तर आले, ‘आम्हाला मराठी येत नाही, आधीचे चूक का, ते सांगा.’ तेव्हा मला लाज वाटली. पुस्तक देण्याला मराठीत ‘मुद्दा’ म्हणत नाहीत, हे मला सांगायची गरजच वाटली नव्हती. ‘इश्यू’ या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि कोणीतरी भलता अर्थ उचलला आहे, एवढे दोन ओळींत लिहिता आले असते.

तिसऱ्या खेपेला प्रश्न आला, ‘मदतीच्या पानावरील व्याख्या तुमच्या स्वतःच्या आहेत का?’ खाली माझी सही होती. व्याख्या बारा होत्या, आणि त्या मी एका छापील परिभाषाकोशातून जशाच्या तशा उतरवल्या होत्या. त्या कोशाच्या पहिल्याच पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले होते. मी खोटे बोलायचे म्हणून सही केली नव्हती. मी ती न वाचताच केली होती. ट्यूटोरियलच्या वहीत गाइडमधले उतारे उतरवताना आपण खाली जसे नाव घालतो, तशीच. मी खरे काय ते कळवले आणि त्या व्याख्या मागे घेतल्या. मला वाटले, आता आपले नाव काळ्या यादीत गेले. उत्तर आले ते एका ओळीचे: ‘सांगितल्याबद्दल आभार, सवडीने नव्या लिहा.’

मग सलग तीन दुपारी मी खिडकीवर बसून नुसते ऐकले. सर आणि शिपाईकाका प्रत्यक्षात काय बोलतात? ‘पुस्तक द्या’, ‘जमा करा’, ‘मुदत वाढवून द्या’. बाराही व्याख्या त्याच बोलीवरून माझ्या शब्दांत लिहिल्या, आणि टिपणात तसे नमूद केले. या खेपेला पॅच पसंत झाला. खाली तीन नावे होती: माझे, तपासणाऱ्याचे, आणि चूक प्रथम दाखवणारे म्हणून ग्रंथपाल सरांचे.

नवी आवृत्ती बसवल्यावर देवघेवीच्या पडद्यावर ‘पुस्तक द्या’ असे बटण आले. खिडकीशी येणाऱ्या एकाही विद्यार्थ्याच्या ते लक्षात आले नाही. सरांना त्यांचे नाव दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, “आता ती ‘परतावा’वाल्याचीही सोय बघ.” त्याचा पॅच वेगळा करायचा आहे. कारण एका ठिगळात एकच दुरुस्ती.